नोकरी सुटणे आणि नोकरी सोडणे

(पनवेल येथे मंडळाच्या विद्यार्थी व नोकरदार मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परीक्षेत यश कसे मिळवावे, पहिली नोकरी कशी मिळवावी, मुलाखतीला कसे जावे, या विषयांवर बोलणारे वक्ते आपल्याला पुष्कळ ऐकायला मिळतात. ते आवश्यकही आहे. परंतु नोकरी लागल्यानंतर चार-पाच वर्षांनी जो प्रश्न उभा राहतो, त्यावर कोणी बोलत नाही. माझी उमेद कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात गेली. अर्ज तपासणे, मुलाखती लावणे, माणूस सोडून गेला की त्याचे कागद पुरे करणे हे माझे काम. त्या टेबलावर बसून मला जे दिसले, त्याच्या आधारे आज मी बोलणार आहे.

प्रश्न असा. साहेबाशी पटत नाही. बढती अडली आहे किंवा रोजचा अपमान सोसवत नाही. दुसरीकडे जायचे मनात आहे, पण साहेबाला कुणकुण लागली तर असलेली नोकरी धोक्यात. आणि कशीबशी बाहेर पडलो, तरी नव्या ठिकाणाहून जुन्या साहेबाला फोन गेला आणि तो काहीबाही बोलला तर? या भीतीने कितीतरी गुणी मुले वर्षानुवर्षे एकाच खुर्चीला चिकटून राहतात. काही जण उलट करतात. एके दिवशी संतापून ‘ही घ्या तुमची नोकरी’ म्हणतात आणि घरी येऊन बसतात. या दोन्ही टोकांच्या मधली वाट आपल्याला शोधायची आहे.

पनवेलच्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. वरवर पाहता आपल्या आजूबाजूला कामाची ठिकाणे थोडी नाहीत. तळोजा आणि पाताळगंगेची औद्योगिक वसाहत आहे, कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आहे, १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेव्याचे बंदर आणि त्याच्यामुळे वाढलेली गोदामे आहेत, आणि डिसेंबर २०२५ पासून विमानतळावरून विमानेही उडू लागली आहेत. परंतु ठिकाणे अनेक असली तरी माणसे तीच तीच असतात. एकाच ठेकेदाराची माणसे चार कारखान्यांत काम करतात. एकच वाहतूकदार सहा ठिकाणी माल उचलतो. या कंपनीचा पर्सोनेल मॅनेजर त्या कंपनीच्या मॅनेजरला ओळखतो. सकाळी कळंबोली सर्कलला बसची वाट पाहताना बोललेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत साहेबाच्या केबिनमध्ये पोहोचलेली असते.

त्यातून आपली मुले बहुधा घरातली पहिलीच नोकरदार पिढी. ज्याचा मामा कंपनीत, काका बँकेत आणि शेजारी वकील, त्याच्याबद्दल साहेब वाईट बोलला तर चांगले बोलणारी चार तोंडे उभी राहतात. आपल्या मुलाबद्दल त्या जगात बोलणारे तोंड एकच असते, आणि ते साहेबाचे. खरा धोका साहेब वाईट असण्यात नाही. साहेब वाईट असणे आपल्या हातात नसते. धोका आहे तो आपला साक्षीदार एकटा साहेबच असण्यात. आजच्या माझ्या बोलण्याचे सार तुम्हाला एका वाक्यात हवे असेल तर ते असे : जुन्या साहेबाचे तोंड बंद करता येत नाही, परंतु त्याच्याखेरीज आणखी साक्षीदार उभे करता येतात, आणि ते नोकरीत असतानाच उभे करावे लागतात.

याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून ते त्या करारासाठी बडोद्याला हजर झाले. पुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. कचेरीतले शिपाई कागदपत्रे लांबून टाकीत. राहायला जागा मिळेना. पारशांच्या पथिकाश्रमात आश्रय घेतला, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले. त्यांना बडोदे सोडून मुंबईला परतावे लागले. म्हणजे विद्वत्ता जगात मान्य झालेली, पण हाताला नोकरी नाही आणि डोक्यावर दहा वर्षांचा करार मोडल्याचा बोजा. जुन्या कचेरीकडून शिफारस मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

मग पुढची नोकरी कशी मिळाली? मधल्या काळात त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर-व्यवहाराचा सल्ला देण्याचा धंदा सुरू केला, तो जात कळल्यावर बसला. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. तिथे त्यांच्या पदव्या आणि लेखन यांच्या जोडीला मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची ओळख उपयोगी पडली. ही ओळख लंडनमधली होती, बडोद्यातली नव्हती. म्हणजे ज्या कचेरीने त्यांना नाकारले तिच्याबाहेर त्यांचे काम पाहिलेली माणसे होती, आणि ते काम कागदावर उतरलेले होते. बडोद्याची कचेरी काहीही म्हणो, हा पुरावा ती पुसू शकत नव्हती.

आता त्यांची दुसरी नोकरी पाहा. सिडनहॅममध्येही त्रास होताच. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी घेऊ नये अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. पण तिथून ते रागाने उठून गेले नाहीत. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज मिळवले, आणि १९२० साली राजीनामा देऊन अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. १९१७ ची नोकरी सुटली होती. १९२० ची नोकरी त्यांनी सोडली. सुटणे आणि सोडणे यांत जो फरक आहे, तो तयारीचा आहे. बडोद्यात जे घडले त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता, हे सांगायला नको. परंतु आपल्याला आज जी थोडी मोकळीक मिळाली आहे, तिचा उपयोग करून प्रत्येकाने आपली नोकरी सुटू देऊ नये. सोडायचीच असेल तर ती सोडावी.

आता ही तयारी म्हणजे काय ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची. नोकरीत असतानाच नेमणूकपत्र, पगारवाढीची व बढतीची पत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, चांगल्या कामाबद्दल आलेली पत्रे यांची एक फाईल घरी ठेवा. यातले सगळे कागद तुमचे स्वतःचे आहेत. कंपनीची रेखाचित्रे, गिऱ्हाइकांच्या याद्या, हिशेबाचे आकडे मात्र घरी आणू नका. ते तुमचे नाहीत, आणि ते आणलेत तर साहेबाच्या हाती तुम्हीच शस्त्र द्याल. तसेच पदवीचे, जातीचे आणि जात पडताळणीचे मूळ प्रमाणपत्र कोणाही मालकाकडे ठेवायला देऊ नका. तपासायला दाखवा, प्रत द्या, मूळ कागद परत घेऊन या. कोऱ्या कागदावर किंवा तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही करू नका.

या फाईलमध्ये आज एका कागदाची भर पडली आहे. भविष्य निर्वाह निधीचा जो बारा आकडी खाते क्रमांक २०१४ पासून मिळू लागला, तो नोकरी बदलली तरी बदलत नाही. त्याच्या पासबुकात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापासून किती भरणा केला ते दिसते. साहेब म्हणाला की ‘हा माणूस आमच्याकडे टिकलाच नाही’, तर हे पासबुक त्याला उत्तर देते. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती स्वतः भरता येते. २०२० पासून ही सोय आहे. पण लक्षात ठेवा, ही तलवार दुधारी आहे. अर्जातून एखादी नोकरी गाळली, तारखा पुढेमागे केल्या, तर तेही याच पासबुकात नव्या मालकाला दिसते.

दुसरी गोष्ट माणसांची. ज्यांनी तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे अशी तीन माणसे हेरून ठेवा. ती साहेबच असली पाहिजेत असे नाही. निवृत्त झालेला फोरमन चालतो, दुसऱ्या खात्याचा अधिकारी चालतो, माल घेणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर चालतो, कॉलेजचे सर चालतात. त्यांचे नाव अर्जात लिहिण्यापूर्वी त्यांना भेटा आणि विचारा, ‘माझ्याबद्दल चौकशी आली तर आपण सांगाल का?’ जो माणूस ‘बघू’ म्हणतो त्याचे नाव लिहू नका. जो ‘अवश्य’ म्हणतो त्याला आपण कोणत्या जागेसाठी अर्ज करतो आहोत ते सांगा, म्हणजे फोन आल्यावर तो चाचपडणार नाही.

तिसरी गोष्ट शोधण्याची. गुपचूप शोधणे आणि खोटे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या मुलांनी नीट समजून घ्यावे. आपण दुसरी नोकरी पाहतो आहोत हे मालकाला आगाऊ सांगण्याचे बंधन सहसा कोणावर नसते. सांगू नये, यात काही पाप नाही. पण मुलाखतीला जाण्यासाठी आजी वारल्याचे सांगणे, आजारपणाचा खोटा दाखला आणणे, हे खोटे आहे, आणि ते उघडे पडले की साहेबाला तुमच्याविरुद्ध खरे बोलायला जागा मिळते. हक्काची रजा घ्या, कारण ‘घरगुती काम’ एवढेच लिहा. मुलाखतीची वेळ सुटीच्या दिवशी किंवा पाळी सुटल्यावर मिळेल का ते विनंती करून पाहा. कामाचा माणूस हवा असेल तर पुष्कळ कंपन्या ऐकतात.

कंपनीच्या फोनवरून, कंपनीच्या संगणकावरून आणि कंपनीच्या ई-मेलवरून अर्ज पाठवू नका. नोकरीच्या संकेतस्थळांवर नाव नोंदवत असाल, तर ठरावीक कंपनीला आपली माहिती दिसू नये अशी सोय तिथे आहे का ते पाहून ती आधी वापरा. पूर्वी वर्तमानपत्रांत नुसत्या बॉक्स नंबरची जाहिरात येई. त्या बॉक्समागे आपलीच कंपनी बसलेली असू शकते, हे अर्जदाराच्या ध्यानातही येत नसे. आज तीच गोष्ट नोकरी मिळवून देणाऱ्या एजन्सींच्या बाबतीत आहे. ‘एका नामवंत कंपनीला पाहिजे’ असे वाचले, की आधी कंपनीचे नाव विचारा आणि मगच आपली माहिती पाठवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेमणूकपत्र हातात येईपर्यंत कारखान्यातल्या जिवलग मित्रालाही सांगू नका. तो वाईट असतो म्हणून नव्हे. आनंदाची बातमी कोणाच्याच पोटात राहत नाही म्हणून.

अर्जाच्या फॉर्मवर पुष्कळदा विचारलेले असते, की ‘सध्याच्या मालकाकडे चौकशी केली तर चालेल काय?’ तिथे घाबरून ‘नाही’ असे लिहू नका; त्याने शंका येते. ‘नेमणूक नक्की झाल्यावर जरूर करावी’ असे लिहा. आणि चौकशी कोणाकडे करायची तेही तुम्हीच सुचवा. आमच्या खात्यात असा फोन आला की प्रश्न ठरलेले असत. केव्हापासून केव्हापर्यंत, कोणत्या हुद्द्यावर, का सोडली, परत घ्याल का? पर्सोनेल खाते बहुधा रजिस्टर पाहून उत्तर देते. विघ्न येते ते फोन थेट चिडलेल्या साहेबाच्या टेबलावर गेला म्हणजे. म्हणून जुन्या कंपनीचा संपर्क देताना पर्सोनेल खात्याचा द्या, साहेबाचा खासगी नंबर देऊ नका.

चौथी गोष्ट मुलाखतीतल्या बोलण्याची. ‘आधीची नोकरी का सोडता?’ हा प्रश्न येणारच. त्या वेळी साहेबाचा पाढा वाचू नका. तुम्ही शंभर टक्के खरे बोलत असलात, तरी समोरचा मनात म्हणतो, उद्या हा माझ्याबद्दलही असेच बोलेल. सिगालोवाद सुत्तात नोकराने पाळायच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत मालकाचे चांगले नाव पसरवणे ही एक आहे. पण त्याच सुत्तात मालकाचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत, आणि ती आधी सांगितली आहेत : झेपेल तेवढे काम देणे, वेतन व अन्न देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे, वेळेवर सुटी देणे. ज्याने आपली पाच पाळली नाहीत, त्याचे गुणगान करायला कोणी तुम्हाला बांधलेले नाही. परंतु गुणगान आणि निंदा यांच्यामध्ये मौन आहे, आणि मुलाखतीत ते फार उपयोगी पडते. ‘तिथे मी पाच वर्षांत अमुक काम शिकलो, आता पुढचे काम तिथे मिळण्यासारखे नाही’ एवढे वाक्य पुरे.

साहेब नक्की वाईटच बोलणार अशी तुमची खात्री असेल, तर मात्र गप्प बसू नका. नव्या ठिकाणी निवड होत आल्यावर तुम्हीच शांतपणे सांगा : ‘माझ्या वरिष्ठांशी कामाच्या पद्धतीवरून माझे मतभेद होते. त्यांचे मत वेगळे येण्याची शक्यता आहे. माझे काम ज्यांनी पाहिले अशा या तिघांकडेही कृपया चौकशी करावी.’ आधी कळलेली गोष्ट माणूस तोलून पाहतो. मागून कळलेल्या गोष्टीने तो बिचकतो. तुम्हाला एखादा मेमो मिळालेला असेल आणि नव्या ठिकाणी त्याबद्दल विचारले, तर तेही लपवू नका. केव्हा मिळाला, का मिळाला आणि त्यानंतर काम कसे सुधारले ते सांगा.

पाचवी गोष्ट निरोपाची. नेमणूकपत्र हातात, तेही लेखी, आल्याखेरीज राजीनामा देऊ नका. राजीनामा लेखी द्या, तारीख घाला, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा व पावती जपा. त्यात तक्रारी लिहू नका, चार ओळी पुरेत. नेमणूकपत्रात जेवढ्या दिवसांची नोटीस लिहिली असेल तेवढे दिवस कामावर या, आणि त्या दिवसांत नेहमीपेक्षा चोख काम करा. हाताखालचे काम, हत्यारे, चाव्या, ओळखपत्र, गणवेश यांची यादी करून ज्याच्या ताब्यात दिले त्याची सही घ्या. ‘न सांगता निघून गेला’ हा शेरा सर्वांत घातक, कारण तो खरा असतो. ना-देय दाखला, कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला आणि आयकराचा फॉर्म १६ मागून घ्या. शेवटच्या पगाराचे सांगायचे तर २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे राजीनामा देणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते केले पाहिजे.

आता बाँडबद्दल थोडेसे, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. ‘आमची नोकरी सोडलीस तर तुला या धंद्यात कुठेच काम करू देणार नाही’ असे धमकावले जाते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ असे सांगते, की एखाद्याला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. नोकरी संपल्यानंतर पोटापाण्याचे काम करण्यापासून मालक सहसा रोखू शकत नाही. परंतु कराराची मुदत चालू असताना गोष्ट वेगळी. कल्याणला सेंच्युरी कंपनीच्या टायर-कॉर्डच्या कारखान्यात १९६३ साली एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला. परदेशी कंपन्यांकडून आलेले तंत्र त्याला शिकवले गेले. पुढच्याच वर्षी तो जास्त पगारावर कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६७ साली न्यायालयाने करार संपेपर्यंत त्याला दुसरीकडे तेच काम करण्यास केलेली मनाई कायम ठेवली. विजया बँकेच्या प्रकरणातही, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरवली. तात्पर्य, बाँडला घाबरू नका, पण तो न वाचता सहीही करू नका. वाचा, प्रत घ्या आणि मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सरकारी आणि निमसरकारी नोकरीत असणाऱ्यांची वाट निराळी आहे. तिथे दुसरीकडे अर्ज करायचा तर रीतसर वरिष्ठांमार्फत करावा लागतो, ना हरकत प्रमाणपत्र लागते. तो नियम मोडून गुपचूप अर्ज करू नका; निवड झाल्यावर तेच अंगाशी येते. तिथे साहेबाचे शस्त्र म्हणजे गोपनीय अहवाल. आपल्या कितीतरी माणसांच्या बढत्या त्या एका शेऱ्याने अडल्या, आणि शेरा काय आहे ते त्यांना वर्षानुवर्षे कळलेही नाही. २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लष्कर वगळता अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, त्या कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणे मांडता येईल. म्हणून दरवर्षी आपला अहवाल मागा, वाचा, आणि पटला नाही तर मुदतीत लेखी म्हणणे द्या. बढतीची वेळ येईपर्यंत थांबू नका.

आपल्या भगिनींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. साहेबाच्या गैरवर्तनामुळे नोकरी सोडायची वेळ येते, आणि नाव खराब होईल या भीतीने ती मुलगी गप्प बसते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. दहाहून कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारदार स्त्रीने लेखी मागणी केली, तर चौकशी चालू असताना त्या साहेबाने तिच्या कामाचा अहवाल लिहू नये, अशी शिफारस समिती करू शकते, आणि तिचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणजे ज्या शेऱ्याची भीती वाटते, तो लिहिणारा हात थांबवण्याची तरतूद आहे.

आणि एवढे करूनही साहेबाने नाव खराब केलेच तर? आधी खात्री करा. नोकरी हुकली म्हणजे साहेबच बोलला असेल असे नसते. खात्री झाली तर पर्सोनेल खात्याला किंवा मालकाला सभ्य भाषेत लेखी कळवा, की माझ्याबद्दल अमुक चुकीची माहिती दिली गेली, कृपया रेकॉर्डप्रमाणे दुरुस्त करावी. पुष्कळदा एवढ्या पत्राने काम होते, कारण कंपनीला भानगड नको असते. प्रामाणिकपणे दिलेले प्रतिकूल मत हा गुन्हा नाही. जाणूनबुजून खोटे सांगून अब्रू घालवणे हा मात्र गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या. कायदा हा शेवटचा साक्षीदार आहे. तो येईपर्यंत चूल पेटती ठेवायची असते.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या मुलांना कंपनीत मामा-काका नाहीत, असे मी सुरुवातीला म्हणालो. पण आज या सभागृहात नजर टाकली तर रेल्वेतले, बँकेतले, बंदरातले, तळोज्याच्या कारखान्यांतले, शाळा-कॉलेजांतले निवृत्त आणि नोकरीतले कितीतरी लोक मला दिसतात. हेच आपल्या मुलांचे मामा-काका आणि मावशा-आत्या. मंडळाने एक वही करावी. त्यात कोण कोणत्या क्षेत्रात आहे आणि महिन्यातून एक संध्याकाळ कोण देऊ शकतो ते लिहावे. एखादा मुलगा नोकरी बदलण्याच्या विचारात असेल तर त्याने त्या संध्याकाळी यावे, आपले कागद दाखवावेत, बाँड वाचून घ्यावा, मुलाखतीची तालीम करावी. मात्र दोन पथ्ये पाळावीत. तिथे बोललेली गोष्ट त्या खोलीबाहेर जाता कामा नये. आणि ज्याचे काम आपण पाहिलेले नाही, त्याची शिफारस केवळ तो आपला आहे म्हणून करू नये. एका खोट्या शिफारशीने पुढच्या दहा खऱ्या शिफारशींची किंमत जाते.

विद्यार्थी मित्रांना मी एवढेच सांगेन, की ही फाईल आजपासून सुरू करा. कॉलेजचा प्रकल्प, प्रयोगशाळेतले काम, सुटीतली उमेदवारी, जे केले त्याचा दाखला त्या त्या सरांकडून त्याच आठवड्यात मागून घ्या. वर्षाने मागायला गेलात तर सरांची बदली झालेली असते. हा लहानसा कागदही उद्या तुमच्या बाजूने बोलणारा साक्षीदार असेल.

 व्याख्यानानंतर मी तासभर इथेच थांबणार आहे. ज्यांच्याजवळ नेमणूकपत्र किंवा बाँड असेल त्यांनी तो घेऊन यावे, आपण मिळून वाचू. जय भीम.